दाजींचा रकाना

माझं काम पडणारे शेअर शोधायचं. चढणारे शोधणारी माणसं सोलच्या योइदो या शेअरपेठेत गल्लोगल्ली आहेत. त्यांना टीव्हीवर बोलावतात, लग्नात पुढच्या रांगेत बसवतात. आम्हाला कोणी बोलावत नाही. मार्चअखेर मंदीच्या सौद्यांवरची बंदी उठली आणि आमच्या कंपनीनं पाच जणांचा मंदी विभाग पुन्हा सुरू केला, तेव्हा माझ्या ताईनं विचारलं होतं, "म्हणजे लोकांचं नुकसान झालं की तुझा पगार वाढतो?" मी म्हटलं, "साधारण तसंच." तिला वाटलं मी चेष्टा करते आहे.

रोज सकाळी सात वाजता मी चाळणी लावते. वरून अडीच हजार शेअर ओतायचे आणि खाली दहा-बारा उरतात ते बघायचे. भाव वीस, साठ आणि एकशेवीस दिवसांच्या सरासरीखाली घसरलाय का? चढताना खरेदी रोडावते आणि उतरताना विक्री फुगते का? संचालक मंडळी आपले स्वतःचे शेअर गुपचूप विकताहेत का? हे झालं तांत्रिक. मग मूड. मूड मोजायला एक प्रोग्राम आहे, तो शेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानांवरचा शब्दन् शब्द वाचतो. लोक भांडत असतील, शंका काढत असतील, तर त्या शेअरमध्ये अजून धुगधुगी आहे. पण सगळे एका सुरात "धरून ठेवा", "आता फक्त वर", "विकणारे रडतील" असं म्हणायला लागले, की समजायचं घेणारा कोणी शिल्लक नाही. ज्यांना घ्यायचा होता त्यांनी घेतलाय आणि आता एकमेकांना धीर देत बसलेत. तिथं आम्ही शिरतो. शेअर उसने घ्यायचे, विकायचे, पडले की स्वस्तात घेऊन परत करायचे. मधला फरक आपला.

तक्त्याला अकरा रकाने होते. बारावा माझ्यामुळे आला. त्या रकान्याचं नाव 'दाजी'.

मे महिन्यात विभागाचं जेवण होतं. जाळीवर मांस भाजत होतं, सोजू दारूच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या आणि जो तो आपापल्या घरचा मानवी इंडिकेटर सांगत होता. आमच्याकडे प्रत्येक घरात एक असतोच. त्यानं शेअर घेतला की तो पडतो, विकला की चढतो. त्याची टिंगल सगळे करतात, आणि तो सध्या काय घेतोय ते मात्र कान देऊन ऐकतात. माझी पाळी आली.

"तुमचे सगळे कच्चे लिंबू आहेत," मी म्हटलं. "आमचे दाजी बघा. त्यांनी जहाजवाल्यांचा शेअर घेतला, आठवड्यात कामगार संपावर. सौंदर्यप्रसाधनांचा घेतला, चीननं माल अडवला. मग म्हणाले, शेअर नकोच, सोनं घेतो. सोनं पडलं!"

सगळे खो खो हसले. फक्त योम साहेबांनी चिमटा खाली ठेवला. योम गी-थे हे आमचे विभागप्रमुख. गडी कधी आवाज चढवत नाही, आणि त्याचीच आम्हाला भीती.

"किती वेळा घेतला, किती वेळा पडला?" त्यांनी विचारलं. "मोजलंय?"

"साहेब, मी गंमत केली."

"प्यो मॅडम, गंमतसुद्धा मोजायची असते."

दुसऱ्या दिवशी मी दाजींना फोन केला आणि सांगितलं, नव्या लोकांना शिकवायला खऱ्या माणसाचे खरे सौदे हवेत, तुमचे पाठवाल का? त्यांनी तासाभरात सगळे पाठवले. नुसते आकडे नाहीत, प्रत्येक सौद्याखाली का घेतला त्याची कारणमीमांसा, सुवाच्य अक्षरात, वहीच्या पानांचे फोटो काढून. एकतीस खरेद्या. त्यातल्या सत्तावीस, महिन्याच्या आत धाडकन आपटलेल्या. आमच्या कुठल्याच सूत्राला एवढं यश नव्हतं. मी छापून दिलेला हिशेबाचा कागद साहेबांनी दोन्ही हातांनी धरला, वडीलधाऱ्याकडून काही घेताना धरतो तसा.

"हा माणूस नाही," ते म्हणाले. "ठेवा आहे. जपा."

तर दाजी. गिल सांग-दोक, वय पंचावन्न. रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं रंग जुळवण्याचं काम केलं. पांढऱ्या रंगाचे दोन डबे पुढे ठेवले तर त्यातला कुठला मागच्या खेपेचा ते नुसतं बघून सांगायचे. मग कारखान्यात यंत्र आलं, आणि गेल्या हिवाळ्यात दाजींना हातात रक्कम देऊन घरी पाठवलं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते रोज सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडत आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत. तिथं त्यांच्यासारखे पुष्कळ. सगळे कडक इस्त्रीचे शर्ट घालून संगणकापुढे भाव बघत बसलेले, कोणी कोणाशी बोलत नाही. घरी ताई प्रेमळ, पण कामात. मुलगी नोकरीला बुसानला. सव्वीस वर्षं ज्या माणसाला दिवसातून पन्नासदा "गिलसाहेब, हा रंग बघता का" असं विचारत होते, त्याला आता कोणी काही विचारत नव्हतं.

आणि मी विचारायला लागले. दर सोमवारी, आठ वाजून दहा मिनिटांनी, बाजार उघडायच्या आत.

"दाजी, काय घेतलंत?"

"मेहुणीबाई! योइदोचा पंडित मला विचारतोय!" पहिल्या वेळी ते एवढे खूश झाले की त्यांना ठसका लागला. "थांब, वही काढतो. हे बघ, केबलवाला घेतलाय थोडा. का, ते सांगू?"

"सांगा ना."

ते सांगत. मी लाउडस्पीकर लावत असे, कारण साहेबांना ऐकायचं असे. बाकीचे तिन्ही सहकारी आपापल्या टेबलावरून ऐकत आणि तोंडं दाबून हसत. दाजींचं बोलणं झालं की मी केबलवाल्यापुढे बाराव्या रकान्यात बरोबरची खूण करत असे. मला लाज वाटायची का? पहिले दोन सोमवार वाटली. तिसऱ्या सोमवारी केबलवाला सव्वीस टक्के खाली होता आणि साहेब स्वतः माझ्यासाठी कॉफी घेऊन आले, तेव्हा वाटली नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

उन्हाळा असा गेला. दाजी रविवारी अभ्यास करायला लागले, मेहुणीबाईचा फोन येणार म्हणून. ताई सांगायची, "रविवारी जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. म्हणतात, उद्या युन-जोला काय सांगू? तू त्यांना फार चढवून ठेवलंयस हं." मी म्हणायची, "त्यांचं मत आम्हाला उपयोगी पडतं, ताई." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मग शरद आला आणि बाजार सुटला. रोज पडदा लालभडक, कारण आमच्याकडे चढणारा भाव लाल दाखवतात; जे घ्यावं ते चढतंय. आख्खं सोल शहर शेअर घेऊन श्रीमंत होत होतं आणि आम्ही पाच जण पडणारे शोधत डोळे फोडत होतो. विभागाचा तोटा वाढत चालला. माझा करार डिसेंबरला संपणार होता. साहेब म्हणाले, "एक सौदा. एकच मोठा, बिनचूक सौदा आणा मॅडम. नाहीतर जानेवारीत आपण सगळेच वाचनालयात." सगळे हसले. मीही हसले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चाळणीत दोरेसाम बायो अडकला. टकलावर केस उगवणारं औषध. चाचणीचा निकाल महिनाअखेर यायचा होता. भाव उन्हाळ्यात तिप्पट झालेला, आता तिन्ही सरासरींच्या खाली घसरून रेंगाळत होता. दोन संचालकांनी शेअर विकले होते. आणि मूड? चर्चेच्या पानावर लोक आपापल्या टकलांचे फोटो टाकून "पुढच्या वर्षी भांग पाडू" असं लिहीत होते. शंका काढणाऱ्याला शिव्या घालून हाकलत होते. अकराच्या अकरा रकाने भरले. असं वर्षातून एकदा होतं. बारावा मोकळा होता.

सोमवारी फोन लावला. "दाजी, काय घेतलंत?"

"काही नाही."

"काही नाही?"

"सोडलं मी सगळं, मेहुणीबाई." आवाज हलका होता, अंगावरून ओझं उतरल्यासारखा. "शुक्रवारी सगळं विकलं. तुझ्या ताईनं मांग्वन बाजाराजवळ गाळा बघितलाय, तोंडीलावण्यांचं दुकान काढायचं म्हणते. तिच्या हातची कमळकाकडी खाल्लीयस ना तू? बयाणा दिला. उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीसला. कारखान्यानं दिलेलं सगळं त्यात घालणार. मी गल्ल्यावर बसणार, ती आत रांधणार." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुझी पंचाईत झाली का गं? सोमवारी आता काय सांगू तुला?"

मला बरं वाटलं. अगदी खरं बरं वाटलं, छातीतून. ते साधारण चार सेकंद टिकलं, कारण लाउडस्पीकर चालू होता आणि साहेब माझ्याकडे बघत होते.

मी फोन ठेवला. साहेब खुर्ची ओढून जवळ बसले.

"बारावा रकाना मोकळा आहे."

"अकरा भरलेत, साहेब. अकरावर आपण कितीतरी सौदे केलेत."

"आणि कितीतरी चुकलेत. दाजींची खूण असलेला एकही चुकलेला नाही. एवढा मोठा सौदा मी खुणेशिवाय वर मंजुरीला पाठवणार नाही."

"पण त्यांनी घेतलेलाच नाही. घेणारही नाहीत."

"तुम्ही नुसतं विचारा ना. नातेवाइकाला शेअर सुचवायला कंपनीची बंदी आहे. मत विचारायला नाही."

आता कोणी म्हणेल, तुम्ही शहाणीसुरती माणसं, तुम्हाला एवढं कळू नये? दाजी आपल्या मनानं घेतात म्हणून त्या खुणेला अर्थ आहे. आपण घ्यायला लावल्यावर तो इंडिकेटर कसला? थर्मामीटरला काडी लावून ताप आला म्हणण्यातला प्रकार. मला हे कळत होतं. साहेबांनाही कळत असणार. पण पाच महिने ती खूण दिसली की शेअर पडायचा. आम्हाला वाटायला लागलं होतं की खुणेमुळेच पडतो. देवळात न जाणारी माणसं आम्ही, आणि एका टक्कल पडलेल्या बेकार माणसाच्या पायगुणावर आमची श्रद्धा बसली होती.

मी दुपारी पुन्हा फोन केला. या वेळी लाउडस्पीकर नव्हता, तेवढी शरम होती.

"दाजी, एक विचारायचं होतं. दोरेसाम बायो तुम्हाला कसा वाटतो?"



"टकलाच्या औषधाचा?"

"हो."

"तू विचारतेयस?"

"सहज. तुमचं मत."

"कळलं," दाजी हळूच म्हणाले. "कळलं मला. तुला बोलता येत नाही, हो ना? नियम असतात तुमचे. तू काही बोलू नकोस. मी काही ऐकलं नाही." आणि मग, जरा थांबून, "थँक यू हं, युन-जो."

मी 'घ्या' म्हटलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मी हे वाक्य स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेदीचा फोटो पाठवला. कारखान्यानं दिलेली सगळी रक्कम. ताईच्या गाळ्याची. खाली लिहिलं होतं, 'ताईला सध्या सांगू नकोस, दुप्पट करून एकदम चकित करतो.' मी बाराव्या रकान्यात खूण केली. साहेबांनी सौदा वर पाठवला.

महिनाअखेर निकाल आला. औषध घेतलेल्यांचे आणि साधी गोळी घेतलेल्यांचे केस सारखेच उगवले होते, म्हणजे कोणाचेच नाहीत. पहिल्या दिवशी शेअर नियमानं जास्तीत जास्त पडू शकतो तेवढा पडला, तीस टक्के. दुसऱ्या दिवशी आणखी. आठवड्यात तो निम्म्याच्याही खाली आला. मंदी विभागात टाळ्या वाजल्या. वरच्या मजल्यावरून साहेबांना फोन आला. माझ्या कराराचा कागद टेबलावर आला, फक्त तारीख घालायची राहिली होती.

पण सौदा पुरा व्हायचा तर शेअर परत घ्यायला हवे होते, आणि ते तळाला घ्यायचे होते. उगाच घाई केली तर निम्मी कमाई हातची जाणार, उशीर केला तर उसळी मारून सगळंच. सगळे आकडे सांगत होते तळ आला. विक्री अती झाली की खाली जाणारा आरएसआय हा आकडा सतरावर. विकणारे थकलेले. चर्चेच्या पानावर शिव्यासुद्धा येईनाशा झाल्या होत्या, फक्त कोणीतरी अधूनमधून 'बायकोला सांगितलं नाही अजून' असं लिहायचं.

"दाजींनी विकला?" साहेब रोज सकाळी विचारत.

"नाही."

"ते विकतील तो तळ. त्यांनी विकला की आपण घ्यायचा."

"साहेब, बाकीचे सगळे रकाने..."

"मॅडम, इथवर दाजींनी आणलं. आता दुसऱ्या कोणाचं ऐकू?"

आणि दाजी विकायला तयार नव्हते. सोमवारच्या फोनवर त्यांचा आवाज बसलेला, पण घट्ट. "पडू दे. तू विचारलं होतंस म्हणजे काहीतरी आहे. मी तुला काही विचारत नाही, तू नियमात राहा. मी धरून बसतो." इतके दिवस कुणाचंच न ऐकणारा तो माणूस नेमका माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता.

त्या रविवारी ताईनं जेवायला बोलावलं. टेबलावर चौदा वाट्या मांडल्या होत्या. "एकेक चाखून सांग, दुकानात काय ठेवू? ह्यांना विचारलं तर सगळंच छान म्हणतात." कमळकाकडी, मुरवलेली पानं, सोया सॉसमधली अंडी. ताईनं दुकानासाठी ॲप्रन शिवले होते, दोन. दाजींना घालायला लावून ती हसत होती. "अठ्ठावीसला पैसे दिले की किल्ली हातात!" ती म्हणाली. तिच्या पाठीमागून दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. आपल्या दोघांचं गुपित आहे, असा.  मी कमळकाकडी तीन वेळा मागून घेतली.

सोमवारी साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं.

"ते का विकत नाहीत?"

"माझ्यावर विश्वास आहे म्हणून."

साहेबांनी खिडकीबाहेर नदीकडे बघितलं. "मग तो काढा."

"कसा?"

"खरं सांगा त्यांना," ते म्हणाले. "तुमच्या मनाला तेच हवं होतं ना इतके दिवस?"

मंगळवारी सकाळी मी वाचनालयात गेले. तळघरात उपाहारगृह आहे, तिथं साडेनऊलाच दाजी नूडल्सचा वाडगा घेऊन बसले होते. मला बघून उभे राहिले, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "ही माझी मेहुणी. योइदोत असते." ते दोघे मान खाली घालून खात राहिले.

"दाजी, तो विका."

ते पुढे झुकले. "काही कळलंय?"

"नाही. कधीच काही कळलेलं नव्हतं."

"मग तू विचारलंस का होतं?"

मी सांगितलं. मेच्या जेवणापासून सगळं, क्रमानं. मानवी इंडिकेटर, एकतीस, सत्तावीस, बारावा रकाना, लाउडस्पीकर. वाडग्यातल्या नूडल्स फुगत गेल्या.  मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मला मोकळं वाटत होतं, आणि त्याच वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेत होते, झालं का काम?

"म्हणजे दर सोमवारी," ते शेवटी म्हणाले, "तू त्यासाठी..."

"हो."

"मला वाटलं, तुला माझी कारणं पटतात."

"कारणं आम्ही लिहून घेत नव्हतो, दाजी. फक्त नाव."

त्यांनी मान डोलावली. "ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे?"

"हो."

"माझं नाव?"

"नाव नाही. दाजीच म्हणतात."

"सगळे?"

"सगळेच."

"पाच पाच मेहुण्या झाल्या म्हणायच्या मला," ते म्हणाले आणि हसायला गेले. ते हसणं अर्ध्यातच मोडलं, ओठ तसेच राहिले. मला ते बघवेना, म्हणून मी किमचीच्या बशीकडे बघितलं.

"आणि समज, मी नाही विकला तर? धरून ठेवला तर?"

इथं मी खरं सांगू शकले असते. आठ-दहा दिवस धरा, दाजी. सगळे रकाने म्हणताहेत हा उसळणार. सगळं परत येणार नाही, पण गाळ्याचा मालक थांबेल एवढं तरी येईल. एवढी तीन वाक्यं. मी त्याच्यासाठी गेले नव्हते.

"तुम्ही धरून ठेवलाय तोवर तो पडतच राहणार," मी म्हटलं.

हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं. पण इतकं सगळं खरं ऐकल्यावर त्यांनी हेही खरं मानलं. त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी धरला. पांढऱ्यातला पांढरा ओळखणारे डोळे, आता जवळचं दिसत नव्हतं. त्यांनी बटण शोधून दाबलं.

"विकला," ते म्हणाले.

त्यांनी फोन टेबलावर ठेवायच्या आत मी टेबलाखाली साहेबांना एका शब्दाचा निरोप पाठवला होता. मान वर केली तर दाजी माझ्या हाताकडे बघत होते.

"कळवलंस?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि थंड झालेल्या नूडल्स खायला लागले. मी त्या वाडग्याचे पैसे दिले आणि निघाले. बसमध्ये बसेपर्यंत आमचे सगळे शेअर परत घेऊन झाले होते. अकराच्या सुमारास चर्चेच्या पानावर कोणीतरी बातमी टाकली की एक मोठी औषध कंपनी दोरेसामची प्रयोगशाळा विकत घेणार आहे. खरी की खोटी कोणास ठाऊक, पण पडदा लाल झाला. बाजार बंद होताना एकोणीस टक्के वर. विभागात केक कापला. साहेबांनी माझ्या करारावर तारीख घातली आणि तक्त्यातला बारावा रकाना काढून टाकायला सांगितलं. आता दाजी पुन्हा काही घेणार नव्हते, आणि काही घेत नाही तो माणूस आम्हाला काय कामाचा?

चार वाजता फोन वाजला. दाजी. घरून बोलत होते, मागे सुरीनं काहीतरी चिरल्याचा आवाज येत होता.

"चढला, मेहुणीबाई," ते म्हणाले. "एकोणीस टक्के."

"हो, दाजी."

"तुला माहीत होतं."

मी काचेच्या खोलीत शिरून दार लावलं.

"ताईला मी आत्ता सांगितलं, पैसे शेअरमध्ये घातलेत म्हणून. कुठला शेअर, कोणी विचारला होता, सगळं सांगितलं. आज चढला तेही सांगितलं." ते अगदी सावकाश बोलत होते, कारखान्यात नव्या माणसाला काम समजावताना बोलत असतील तसे. "त्याच्या पुढचं तू सांग. तुझं माझ्याहून चांगलं जमतं. घे गं, युन-जो आहे."

सुरी थांबली. ताई फोनवर आली, धापा टाकत, हसत.

"अगं, केवढी घाबरले मी! म्हणाले सगळे पैसे शेअरमध्ये आहेत. मग म्हणाले, युन-जोनं सांगितलेला आहे. तेव्हा कुठे जिवात जीव आला. एकोणीस टक्के चढला म्हणे आज? खरंच का गं?"

काचेपलीकडे साहेब केकचा तुकडा घेऊन माझी वाट बघत उभे होते.

"हो ताई," मी म्हटलं. "चढला."

"ऐकलंत का हो!" ताईनं तोंड फिरवून आत हाक मारली. "चढलाय म्हणते. उद्या सकाळी उठल्या उठल्या विकून टाका!"

आणि मला दाजींचा आवाज ऐकू आला. ते म्हणाले, "बरं."